तळघर उपसायची घाई

पूर ओसरला की आम्हा वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन वाजायला लागतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "आतून कुठला रंग मारू?" या घरमालकांनी तेवढंही विचारलं नाही. मोठा पंप भाड्याने आणलाय, संध्याकाळपर्यंत तळघर कोरडं करतो, उद्या येऊन भिंती बघून जा, एवढंच सांगितलं. मी म्हटलं, काका, पंपाला हात लावू नका, मी निघालोच.

पोचलो तेव्हा तळघरात छातीपर्यंत पाणी होतं आणि त्यांचा पुतण्या पेट्रोलवरचा पंप जिन्यावरून खाली उतरवायच्या बेतात होता. बंद जागेत इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे काय होतंय हे कळायच्या आत माणूस आडवा होतो. पंप बाहेर ठेवायला लावला, आत फक्त नळी सोडली. वरच्या मजल्यावरून तळघराची वीज तोडल्याची खात्री केली. मग जिन्याशेजारच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीची खूण केली आणि सांगितलं, आज फक्त १ फूट उपसायचं. त्याखाली दुसरी खूण करायची आणि रात्रभर थांबायचं.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "आमचं तर आज रात्री रिकामं होतंय."

हे थांबणं कशासाठी, ते लोकांना पटवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. पूर ओसरला म्हणजे वरचं पाणी गेलं. जमिनीत मुरलेलं पाणी तसंच असतं आणि ते भिंतीला बाहेरून रेटत असतं. पाण्याच्या दर १ मीटर उंचीमागे तळाशी चौरस मीटरला साधारण १ टन दाब येतो. आतलं पाणी त्याला उलटा दाब देतं. ते एकदम काढलं की भिंतीला आतून आधारच उरत नाही. फरशीचं तर याहून वाईट. ६ मीटर बाय ४ मीटरच्या तळघरात १०० मिलिमीटर जाडीचा साधा कोबा असेल तर त्याचं वजन भरतं जेमतेम ६ टन. बाहेर पाणी फरशीच्या वर १.२ मीटर उभं असेल तर खालून वर ढकलणारा जोर होतो २५ ते ३० टन. रिकामं पातेलं पाण्यात दाबून धरलं की हाताला जे जाणवतं तेच इथे घडतं, फक्त पातेल्याच्या जागी घराचा तळ असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खालच्या खुणेच्या वर चार बोटं चढलेलं होतं. म्हणजे बाहेरची पातळी अजून आतल्यापेक्षा वर होती आणि जमीन आत पाणी सोडत होती. पंप बंद ठेवला. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पाणी खुणेवर स्थिर राहिल्यावर पुढचा फूट काढला, मग पुन्हा मुक्काम. शेजाऱ्यांचं तळघर तोवर धुऊन-पुसून झालं होतं, खाली पंखे लावले होते आणि त्यांची भिंत जागच्या जागी उभी होती.

माझ्या डोक्यातून ही गोष्ट जात नाही. शेजाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही, म्हणून काकांच्या लेखी मी घाबरवून दिवस वाढवणारा ठरलो. जे घडलं नाही त्याचा पुरावा आणायचा कुठून? शेजाऱ्यांच्या कोब्यात कोपऱ्यापासून मधोमध गेलेली एक बारीक भेग मला दिसली. ते म्हणाले, जुनीच आहे. असेलही.

पाणी गेल्यावर गाळ काढला, भिंती उघड्या केल्या, आणि माझा खरा राग सुरू झाला. आधीच्या कुणीतरी आतून काळा जाड लेप फासला होता. १० वर्षांची हमी, सही-शिक्क्यासकट, काकांनी फाइलला लावून ठेवलेली. लेपाला ठिकठिकाणी फोड आले होते. एक फोड स्क्रूड्रायव्हरने टोचला तर पाण्याची चिळकांडी उडाली. हातोडीने ठोकलं की गिलावा बद्द वाजायचा, आणि पोपडा निघाला की मागे पांढरा खार फुटलेला. पाणी भिंतीतून येताना क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि लेपाला पाठीमागून ढकलून सोडवतात. ज्या बाजूने पाणी येतं त्याच्या उलट बाजूला रंग लावला तर तो टिकणार कसा? आमच्यातलेच लोक हे विकतात, कारण रंगाचं काम दोन दिवसांत उरकतं आणि दिसतं छान.

एका भिंतीवरची ओल मात्र मला वेगळी वाटली. तिथे प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवला आणि रात्रभर ठेवला. थेंब प्लॅस्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला आले तर ते हवेतलं बाष्प, गार भिंतीवर जमलेलं. इथे ते पुढच्या बाजूला होते. तळघराच्या अशा भिंतींवर लोक महागडी रसायनं ओततात. तिथे गरज असते ती खेळत्या हवेची.

बाकी तीन भिंतींचा गुन्हेगार नेहमीचाच: फरशी आणि भिंत यांचा सांधा. आधी तळ ओततात, भिंत नंतर चढते, आणि मधल्या वेळात त्या पट्टीवर माती, लाकडाचा भुसा, काय वाट्टेल ते साचतं. ते साफ न करता वर काँक्रीट ओतलं की पाण्याला कायमचा रस्ता. मिस्त्रीने सांध्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच काढली. जिथून धार लागली होती तिथे झटपट जमणाऱ्या सिमेंटचा गोळा हातात गरम लागेपर्यंत धरून मग दाबला. तीन ते पाच मिनिटांत तो दगड होतो. लवकर दाबला तर धुऊन जातो, उशीर झाला तर चिकटत नाही, आणि ही वेळ पुस्तकातून शिकता येत नाही. आमच्या मिस्त्रीचा हात त्यात बसलेला आहे.

त्यानंतर तिरकी भोकं पाडून पॅकर, म्हणजे रेझिन दाबाने आत सोडायच्या तोट्या, बसवले आणि खालून वर पॉलियुरेथेन रेझिन भरत गेलो. ते पाण्याला भेटलं की फुगतं. एका ठिकाणी पंप मारला आणि फेस निघाला दीड मीटर अंतरावर, एका पाइपच्या कडेने. नकाशात तो पाइप नव्हताच. शेवटी सांध्याच्या कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर वाटा काढला, लेप धरावा म्हणून भिंतीला टाचे मारून ती खरबरीत केली आणि ओलसर पृष्ठभागावर क्रिस्टलाइन लेप दिला, जो काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक बनून ती बुजवतो.

इथवर काका खूश होते. मग मी म्हटलं, आता कोब्याला भोक पाडायचंय.

"तुम्हाला पाणी बंद करायला बोलावलंय का आणायला?"

त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबरच वाटतं. पण सगळे रस्ते बुजवले की दाब तेवढाच राहतो आणि तो पुढची कमजोर जागा शोधतो. म्हणून भिंतीच्या कडेने कोबा कापायचा, खडीत गुंडाळलेला सच्छिद्र पाइप टाकायचा, त्याचा उतार संपात, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात, न्यायचा आणि फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा, पंप बसवायचा. सोबत बाहेर टाकलेलं पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि बॅटरी, कारण पूर आणि वीज जाणं जोडीनेच येतात. पाणी घरापासून लांब सोडायचं, नाहीतर तेच पाणी गोल फिरत राहतं आणि पंप बिचारा रात्रंदिवस चालतो. घरात बहुमत काकूंच्या बाजूने पडलं आणि काकू माझ्या बाजूने होत्या, म्हणून ते झालं.

बाहेरचं मात्र झालं नाही. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा डाउनटेक पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायाशी ओततो. भोवतालच्या फरसबंदीचा उतार घराकडे आहे, तो दर मीटरला २ सेंटिमीटर तरी बाहेरच्या बाजूला हवा. खाली बांधकामाच्या वेळचा राडारोडा भरलेला, म्हणजे भिंतीबाहेर पाण्याची टाकीच. पाइप वळवा आणि एवढी पट्टी खोदू द्या, बाहेरून मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पडदा, लावतो म्हटलं. फरसबंदी नवीन आहे, ती तोडायची नाही, हे त्यांचं उत्तर.

आणि वर हमीपत्र मागितलं, आधीच्यासारखंच, १० वर्षांचं. मी लिहून दिलं: सांधा आणि इंजेक्शनची जबाबदारी माझी. पंप बंद ठेवला, डाउनटेक तिथेच राहिला, तर नाही. काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे पाऊस पडला नाही तर हमी."

त्यावर मी अजून विचार करतोय. अटी न घालता सही केली असती तर ते समाधानी झाले असते. तसं करणारे सुखात धंदा करतात, आणि त्यांचा फोन लागेनासा होईपर्यंत गिऱ्हाईकही सुखात असतं. तरी सही बदलायचं मनात येत नाही.

परवा शेजाऱ्यांचा फोन आला. भेगेच्या कडेला जरा ओल दिसतेय. खणाखणी नको, भोक नको, वरून काही मारून मिळेल का? भेगेच्या दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख घाला, ती वाढतेय का कळेल, मग बोलू, असं मी सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि लगेच विचारलं, "तोवर रंग कुठला लावू?"