भूपाचा गांधार आणि चौथा पडदा

ग्वाल्हेर, मे महिना. दुपार.

मांडीवर आडवी ठेवून रॉडने, म्हणजे धातूच्या गुळगुळीत कांडीने, वाजवायची गिटार पोक्त वयात हाती घेतली, की सगळा भरवसा डोळ्यांवर टाकला जातो. पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, समोर दिसतात, रॉड नेमका पडद्यावर नेऊन ठेवायचा, झालं. मध्यम-पंचमाला (म, प) हे खपून जातं. गांधाराला (ग) नाही.

आधी वाद्याचं. साधी सहा तारांची गिटार पुरते. तारा सैल करून नटावर, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, धातूची उंच पट्टी बसवायची, म्हणजे तिथे तारा आठ-दहा मिलिमीटर वर येतात. षड्ज (सा) पांढरी दोन, म्हणजे डी. जाड तारेकडून बारीक तारेकडे मेळ असा: सा प सा ग प सा. नेहमीच्या मेळापेक्षा चार तारा उतरतात, म्हणून पहिली तार ०.०१३ इंचाची घ्यावी. त्याहून बारीक तार उतरवली की ढिली पडते, रॉडच्या वजनाने दबते आणि पडद्याला लागून करकरते. रॉड दीडशे ग्रॅमच्या आसपासचा, बाजूला खाच असलेला बरा. घामेजल्या हातातून सुटत नाही. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून झंकार काढावा, मग तिथेच रॉड ठेवून वाजवावं. दोन्ही सूर जुळत नसतील तर पट्टी सरकली आहे.

आता गांधार. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली तर पंचम एक तृतीयांशावर, म्हणजे नटापासून २१७ मिलिमीटरवर येतो, आणि सातवा पडदाही जवळपास तिथेच असतो. शुद्ध गांधार एक पंचमांशावर, १३० वर. चौथा पडदा मात्र १३४ वर, कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले. चार मिलिमीटर म्हणजे रॉडच्या जाडीपुढे काहीच नाही, पण तानपुरा चालू असताना तो चढा गांधार दाताखाली खडा यावा तसा लागतो.

मोबाइलवरचा ट्यूनर इथे उपयोगाचा नाही. तोही त्याच बारा समान भागांवर चालतो, त्याचा काटा मध्यावर आला की गांधार १४ सेंट चढा असतो (अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक सेंट). त्यापेक्षा तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ऐकावा, तो गळ्यातून काढावा आणि तिसरी तार त्याला मिळवावी. मग रॉडचं टोक फक्त पहिल्या तारेवर, चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे ठेवून पहिली आणि तिसरी तार एकदम छेडावी. आवाजात लहर उठली तर सूर अजून लागलेला नाही. लहर मंदावत जाऊन थांबते, ती जागा. डोळे मिटून दोन-चारदा तिथे गेलं की हाताला कळायला लागतं.

रॉडमागे अनामिका आणि करंगळी तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर रॉड आणि नट यांच्यामधला तुकडा वेगळाच सूर धरून किणकिणतो. रॉड दाबायचा नाही, त्याचं वजन पुरतं.

ग्वाल्हेरात एक सोय आहे. माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, त्यामुळे इथल्या मराठी घरांत काकू, आत्या, कोणी ना कोणी गाणं शिकलेलं निघतंच. त्यांना समोर बसवून भूप रागातली पंचमावरून गांधारावर घसरत येणारी मींड ऐकवावी. पडदा बघून वाजवलेली त्यांना लगेच कळते, आणि त्या भीड ठेवत नाहीत.

हल्ली गिटार कूलरच्या झोतात ठेवू नये. दिवसभर लू, म्हणजे कोरडा उष्ण वारा, रात्री कूलरची ओली हवा. लाकूड फुगतं-आकसतं आणि मेळ रोज हलतो. वाजवण्याआधी तिसरी तार पुन्हा तपासलेली बरी.

कोमल गांधाराचं गणित उलटं. तो १०८ च्या आसपास, रागागणिक थोडा वरखाली, आणि तिसरा पडदा १०३ वर. तिथे रॉड पडद्याच्या पुढे न्यावा लागतो. भूप हातात बसेपर्यंत कोमल गांधाराच्या काफी रागाला हात लावू नये.