ठाणे ते फर्ग्युसन: कोशकारांची वाट, तयारी कुठवर आली

ठाण्याहून पुण्याला जाऊन लेखकांच्या जागा पायी पाहायच्या आणि तिथेच त्यांचं थोडं मोठ्याने वाचायचं, अशी आपली साहित्यफेरी. मागच्या खेपेला सांगितलं होतं तेव्हा तिच्यात चौदा थांबे होते. आता तीन उरलेत, आणि फेरी पहिल्यांदाच मनासारखी दिसायला लागली आहे.

आपण भेटतो तलावपाळीला, गडकरी रंगायतनसमोर. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म १८८५चा आणि ते ज्या फर्ग्युसन कॉलेजात शिकायला गेले तेही १८८५चंच. ठाणेकरांनी याच धाग्यावरून निघावं असं वाटलं. पण वाचत गेले तसे गडकरी मागे राहिले (कॉलेज अर्धवट सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले) आणि हाती लागले कोशकार.

फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९०चा. दोनच वर्षांत, पस्तिशी गाठायच्या आत ते गेले आणि त्यांच्या जागी आगरकर आले. पुढे याच कॉलेजात माधवराव पटवर्धन फारसी शिकवत. माधव जूलियन म्हणून, मराठीत गझल रुजवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९२५चा फार्शी-मराठी कोशही त्यांचाच. कारकून, सरकार, दस्तऐवज हे शब्द रोज तोंडात असतात, त्यांचं मूळ धुंडाळणारा माणूस या आवारात वावरला. हे कळल्यावर खाण्यापिण्याच्या नामांकित जागा मी यादीतून काढल्या, काही आवडत्या लेखकांची घरंसुद्धा. जीव हळहळला, पण वाट एकच हवी.

शेवट भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत. ६ जुलै १९१७ला, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ती स्थापन झाली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ला सुरू झालं आणि १९६६ला संपलं. मुख्य संपादक वि. सी. सुखटणकर १९४३लाच वारले होते. बाकीच्यांनी काम पुरं केलं. देशभरच्या पोथ्या ताडून वर निवडलेला पाठ आणि खाली बारीक टायपात पाठभेद, म्हणजे इतर पोथ्यांतले वेगळे शब्द, अशी ती पानं. संस्थेच्या दारात जाण्याआधी प्रत्येकाने असं एक पान निवांत पाहावं, हा माझा आग्रह आहे. वर एक श्लोक आणि खाली अर्धं पान पाठभेद दिसले की त्या सत्तेचाळीस वर्षांत काय चाललं होतं ते समजतं.

गेल्या शनिवारी एकटीच जाऊन वाट चालून पाहिली. ठाण्याहून सकाळची इंद्रायणी, पुणे स्टेशनवरून मेट्रोने डेक्कन जिमखाना, मग पायी. थांब्यांसकट साडेतीन तास लागले. फर्ग्युसन रस्त्यावर मोठ्याने वाचणं अशक्य आहे, रिक्षांच्या हॉर्नमध्ये ओळ हरवते. म्हणून पहिलं वाचन आवारात, दुसरं मागे टेकडीच्या पायथ्याशी. आवारात बसण्यासाठी परवानगीचं पत्र आधी द्यायचं आहे. तिथून भांडारकर रस्त्याने थेट संस्थेकडे. वाटेत पुलंच्या घरावरची पाटी वाचायची, पण थांबायचं नाही.

रविवारऐवजी शुक्रवार धरला आहे, संस्था कामात असताना पाहावी म्हणून. नोकरीवाल्यांनी रजेचं आत्ताच बघा.

येत्या गुरुवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात आपट्यांच्या कोशातली पानं निवडायला बसते आहे. १८९३पासूनचं हे ग्रंथालय घराजवळ असताना दुसरीकडे शोधायला नको. आपल्यापैकी कुणाला फारसी लिपी थोडीफार वाचता येत असेल तर कळवा. माधवरावांच्या कोशातले दहा शब्द उच्चारून दाखवणारं कुणीतरी सोबत हवं आहे.