मायनस नंबरचा चष्मा

गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' वाचायला घेतली तेव्हा वाटलं बेटावर अडकलेल्या पोरांची गोष्ट, दोन रात्रीत उडवू. लागले तीन आठवडे. म्हणजे जाड वगैरे अजिबात नाहीये हो, पण त्यांच्यातल्याच सायमनला सगळी पोरं मिळून नाचता नाचता मारतात ना, तिथे पुस्तक मिटलं आणि चार दिवस ते उशाशी नुसतं पडून होतं, मी आपली कूस बदलून झोपायचे.

मग मी एक चूक शोधली. पुस्तकात पोरं पिगी नावाच्या पोराच्या चष्म्याने उन्हात आग पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे चष्मा मायनस नंबरचा, अंतर्गोल भिंगाचा, आणि त्या भिंगाने किरण पसरतात, एकत्र येत नाहीत, तर त्यावर आग पेटेलच कशी? कोण आनंद झाला मला! जिला-तिला सांगत सुटले, जसं काही भिंग खोटं ठरलं की तो खूनही खोटा ठरणार होता.

दुसरा आधार टोंगाच्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या बेटांच्या देशातल्या, पोरांचा. १९६५ मध्ये बोर्डिंग स्कूलमधून पळालेली ६ मुलं खरोखरच एका निर्जन बेटावर वर्षभराहून जास्त राहिली, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो नीट बसवला, शेकोटी विझू दिली नाही, आणि १९६६ मध्ये सगळीच्या सगळी जिवंत सापडली. बघा, म्हटलं, माणसं अशीही असतात. ते खरंच आहे, पण गोल्डिंग स्वतः शाळेत शिकवायचे आणि महायुद्धात नौदलात होते, म्हणजे पोरं आणि युद्ध दोन्ही जवळून बघितलेला माणूस, त्यांना मी काय भिंगाचे धडे देणार.

शेवटी पुस्तक संपवलं. वरून धोंडा येतो, पिगी जातो, ज्याच्या हातात त्यानेच सभेत बोलायचं असा तो शंख फुटून चुरा होतो, सगळं दोन-चार ओळीत. रडू आलं नाही. आठवलं ते हे की सुरुवातीपासून मला त्याची कटकट व्हायची, सारखा आपला दमा, सारखी आपली ती आत्या, अरे गप ना जरा, असं मी मनात दोनदा तरी म्हटलं होतं. शिकारी पोरांचा म्होरक्या जॅकही त्याला तेच म्हणतो.

मग पहिल्या प्रकरणात परत गेले, त्याचं खरं नाव बघायला. पिगी हे तर शाळेतल्या पोरांनी चिडवायला ठेवलेलं, त्यालाच नको असलेलं. बेटावर पहिल्यांदा भेटलेल्या राल्फने आपलं नाव सांगितल्यावर पिगी वाट बघतो, आता हा आपल्यालाही विचारेल म्हणून. राल्फ विचारत नाही. शेवटच्या पानापर्यंत कुणीच विचारत नाही, आणि मलाही ते तो मेल्यावर सुचलं.