मुदतवाढीचा अर्ज

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची वीजबिलं तपासणं हा माझा धंदा. मागणी आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, पॉवर फॅक्टरचा दंड, हे मला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ आहे. त्यामुळे वीजकंपन्या हवामानाच्या धोरणावर लॉबिंग करतात असं कुणी म्हटलं की बाकीच्यांना दिल्लीतलं पंचतारांकित हॉटेल दिसतं आणि मला दिसते वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढची याचिका. जाडजूड, तक्त्यांनी भरलेली, कुणीही वाचू नये अशा बेताने लिहिलेली. लॉबिंग तिथेच असतं, उघड्यावर. आणि मागणं बहुतेक वेळा दोनच गोष्टींचं असतं: वेळ द्या, आणि खर्च बिलात लावू द्या.

आपल्या दक्षिण सोलापुरातल्या फताटेवाडी-आहेरवाडीचा एनटीपीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या वीजकंपनीचा, कोळशावरचा प्रकल्प सगळ्यांना माहीत आहे. 660 मेगावॉटचे दोन संच, एकूण 1320. कोळसा लांबून रेल्वेने येतो, पाणी उजनीतून शंभर किलोमीटरहून लांब पाइपातून. पहिला संच 2017 मध्ये सुरू झाला, म्हणजे औष्णिक केंद्रांसाठीचे नवे प्रदूषण नियम आल्यानंतर. म्हणून त्या नियमांचा प्रवास मी जरा रस घेऊन वाचला.

पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये अधिसूचना काढली. धुरातला सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पारा, राख आणि पाण्याचा वापर, सगळ्यांना मर्यादा घातल्या. चालू केंद्रांना मुदत दोन वर्षांची, म्हणजे 2017 अखेर. ती सरकली 2022 वर. एप्रिल 2021 मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे तीन गट पाडले आणि 2022 ते 2024 अशा तीन तारखा दिल्या. सप्टेंबर 2022 मध्ये त्या 2024 ते 2026 झाल्या. डिसेंबर 2024 च्या शेवटी 2027 ते 2029. आणि जुलै 2025 मध्ये क गटाला, म्हणजे देशातल्या पाऊणहून अधिक केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट घालून धुरातलं गंधक धुण्याच्या यंत्रणेतूनच सूट मिळाली. माझ्या एखाद्या कारखानदाराने जीएसटीचं रिटर्न असं लांबवलं असतं तर आज त्याच्या शेडला सील असतं.

ही मुदतवाढ मागितली कुणी? खासगी कंपन्यांची असोसिएशन ऑफ पॉवर प्रोड्युसर्स ही संघटना मागत होती, ते लपून नव्हतं. पण ऊर्जा मंत्रालयही त्याच बाजूने बोलत होतं, आणि देशातली सगळ्यात मोठी वीजनिर्मिती कंपनी एनटीपीसी त्याच मंत्रालयाखाली येते. अशा घरात कंपनीला फार आवाज चढवावा लागत नाही. एकीकडे एनटीपीसीचं 2032 पर्यंत 60 गिगावॉट अक्षय ऊर्जेचं लक्ष्य जाहीर होतं, ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच काळात क्षेत्र म्हणून, मंत्रालय म्हणून, जुन्या नियमांची धार कमी होत राहते.

युक्तिवाद ठरलेले. आपल्या कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. यंत्रणा महाग, युनिटमागे 25-30 पैशांचा बोजा ग्राहकावर पडेल. आणि तिसरा युक्तिवाद वाचून मी खुर्चीत सरळ बसले: चुनखडीने गंधक धुतलं तर कार्बन डायऑक्साइड वाढेल, म्हणजे हवामानाला ते वाईट!

माझी भाची रसायनशास्त्र शिकवते. तिला म्हटलं, मांड हिशेब. एका युनिटला 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो. त्यात अर्धा टक्का गंधक, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आत. ते धुताना चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाच ग्रॅमच्या आत. यंत्रणा स्वतः जी वीज खाते ती धरली तरी एकूण वाढ दोन टक्क्यांच्या आसपास. मुळात कोळसा जाळून युनिटमागे 900 ग्रॅमहून जास्त निघतो, त्याबद्दल त्याच कागदात अवाक्षर नाही. "मावशी, हे म्हणजे बिर्याणी खाऊन वर डाएट कोक मागवणं," भाची म्हणाली.

बरं, पैशाचं म्हणाल तर 2018 मध्येच ऊर्जा मंत्रालयाने केंद्रीय वीज नियामक आयोगाला सांगितलं होतं की हा खर्च 'कायद्यातील बदल' म्हणून धरा, म्हणजे तो दरात लावता येईल. स्थिर खर्चही केंद्र उपलब्ध असलं की वसूल होतो, वीज कमी उचलली गेली तरी. मग कंपन्या एवढ्या का अडतात? मला दिसतं ते असं. वीज घेताना स्वस्त केंद्र आधी, महाग नंतर, अशी उतरंड असते. चुनखडीने आणि यंत्रणेच्या विजेने चार पैसे चढले की केंद्र त्या उतरंडीत खाली जातं. ज्याचा कोळसा आधीच लांबून येतो त्याला हे जास्त झोंबणार. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. फक्त ती ग्राहकाच्या नावाने मांडली जाते. स्थिर आकार वाढतो तेव्हा याच ग्राहकाची आठवण कुणाला येत नाही.

पाण्याकडे मात्र सोलापूरकराने नीट बघायला हवं. 2015 च्या नियमात 2017 पासूनच्या नव्या संचांना हजार युनिटमागे 2.5 घनमीटर पाण्याची मर्यादा होती. जून 2018 मध्ये ती 3 झाली. अर्धा घनमीटर, कुणाच्या डोळ्यावर येणार? 1320 मेगावॉटचं केंद्र दिवसभर पूर्ण भाराने चाललं तर 31,680 हजार युनिट होतात. गुणिले अर्धा. 15,840 घनमीटर, म्हणजे दिवसाला 1 कोटी 58 लाख लिटर. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर या सरकारी निकषाने 1 लाख 17 हजार माणसांचं पाणी. मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष वापर नव्हे, आणि केंद्र रोज पूर्ण भाराने चालत नाही, मान्य. पण आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि दिल्लीत एका आकड्याच्या जागी दुसरा बसवल्याने एवढी मोकळीक मिळते. त्यावर सोलापुरात एक मोर्चा निघाला नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये विमानतळासाठी पाडली तेव्हा अख्खं शहर दोन तटांत भांडत होतं. चिमणी दिसते, दशांश चिन्ह दिसत नाही.

गट कसे पाडले तेही पाहा. अ गट म्हणजे दिल्ली परिसराच्या किंवा 2011 च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराच्या 10 किलोमीटर आतलं केंद्र. सोलापूरची तेव्हाची लोकसंख्या 9,51,558. थोडक्यात हुकलं! ब गट म्हणजे हवा बिघडलेल्या शहरांच्या 10 किलोमीटर आतलं. त्या यादीत सोलापूर आहे, पण फताटेवाडी 10 किलोमीटरच्या बाहेर. राहिलेली सगळी केंद्रं क गटात. सल्फर डायऑक्साइडचे हवेत सूक्ष्म कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. वारा फताटेवाडीहून निघून कुंभारी गावापाशी थबकतो असं मला तरी दिसलेलं नाही.

राज्याच्या पातळीवर हाच खेळ छतावरच्या सौरविजेवरून चालतो. राज्य वीज नियामक आयोगापुढच्या 2025 च्या दरनिश्चितीत महावितरणने सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हे सौर तास मांडले. दुपारी ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करून मिळेल की नाही, यावर पॅनेल बसवलेल्या लोकांनी हरकती घेतल्या. आमच्या टॉवेलवाल्यांची रात्रपाळी असते, त्यामुळे कर्ज काढून शेडवर पॅनेल टाकलेल्यांची झोप उडाली. महावितरणची बाजूही आहे: मोठे ग्राहक सौरवर गेले की शेतीपंपांना स्वस्त वीज द्यायची कुणाच्या जिवावर? हा प्रश्न पोकळ नाही. पण निदान तिथे वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकती मागवतात, सुनावणी होते. आम्हाला त्यासाठी पुणं गाठावं लागतं, तरी आयोगासमोर विजेच्या धोरणाचा अभ्यास करणारी प्रयाससारखी संस्था आकडे घेऊन उभी असते. दिल्लीतल्या मुदतवाढीला एवढंही नसतं.

अमेरिकेत लॉबिंगची रीतसर नोंद ठेवावी लागते. म्हणून तिथे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. ओहायोत फर्स्टएनर्जी या वीजकंपनीने 2019 च्या कायद्यासाठी सुमारे 6 कोटी डॉलर पेरले. त्या कायद्याने अणुकेंद्रांना आणि दोन कोळसाकेंद्रांना ग्राहकांच्या बिलातून पैसे द्यायची तरतूद केली आणि अक्षय ऊर्जेचं बंधन सैल केलं. विधानसभेचे माजी अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदाच नाही. 2013 मध्ये तेव्हाचे खासदार कालिकेश नारायण सिंह देव यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच राहिलं.

माहितीचा अधिकार मात्र आहे. सरकारी वीजकंपनी त्याखाली येते. खासगी कंपन्यांची संघटना थेट येत नाही, पण तिचं पत्र मंत्रालयात पोचलं की ते सरकारी फाइलमध्ये जातं आणि त्याची प्रत मागता येते. अर्जात 'मुदतवाढीसंबंधी आलेली सर्व निवेदने' असं मोघम लिहू नका, हमखास नाकारतात. अधिसूचनेची तारीख लिहा, तिच्या आधीच्या सहा महिन्यांतला पत्रव्यवहार मागा, आणि फाइलवरचे शेरेही मागा. केंद्र सरकारला अर्जाची फी 10 रुपये, ऑनलाइन भरता येते.