सातारा आडवा पाहा

साताऱ्याची ओळख बहुतेकांना पुणे-बेंगळुरू महामार्गावरूनच होते. म्हणजे उत्तर-दक्षिण. त्या वाटेवर ऊस, आले, कारखान्यांची धुराडी दिसतात आणि जिल्हा सुखवस्तू वाटतो. माझं सांगणं एवढंच, की सातारा आडवा कापा: पश्चिमेला बामणोली, पूर्वेला म्हसवड.

पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, आलात की पाय जांभ्यावर पडतो. खडकावर मातीचा जेमतेम थर, काही ठिकाणी बोटभरही नाही. म्हणून इथे झाड धरत नाही, तेरडा आणि सोनकी मात्र माजते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो उतारावरून धावतच निघून जातो. शेती नाचणी-वरीची, तीही तुकड्या-तुकड्यांत. त्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने खोऱ्यातली सपाट जमीन गिळली. 2011 च्या जनगणनेत जावळी तालुका 1,06,506 माणसांचा, महाबळेश्वर अवघा 72,830 चा. जावळी-पाटणमध्ये पुरुषांपेक्षा बायका जास्त भरल्या, कारण गडीमाणसं मुंबईत माथाडीत.

आता पूर्वेला वळा. संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, तिथून कोरेगावपर्यंत काळी, भारी जमीन. वाघ्या घेवडा इथलाच. पुढे वर्धनगडचा घाट ओलांडला की चित्र पालटतं: बोडके डोंगर, कुसळं, मेंढरं. माण तालुक्यातल्या दहिवडीचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि महाबळेश्वर तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत! माणगंगा तर कृष्णेकडे न जाता भीमेला मिळते. माण तालुका 2,25,634 लोकांचा, पण पसारा मोठा, त्यामुळे वस्ती विरळच. इथली माणसंही बाहेर पडतात. कुणी मेंढरांमागे, कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात.

दोन्ही टोकं रिकामी होतात ती पाण्यापायीच: एकीकडे ते थांबत नाही, दुसरीकडे पोचत नाही. थांबतं ते मधल्या कृष्णाकाठी. 11 तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या 30,03,741, त्यातले एकट्या कराडात 5,84,085 आणि सातारा तालुक्यात 5,02,049. म्हणजे दोन तालुक्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी उपसून माण-खटावला नेलं जातं, ते हे अंतर कमी करायलाच.

जायचं तर सप्टेंबरअखेर. कास फुललेलं असतं आणि माणात परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरायची लगबग चालते. जून-जुलैत गेलात तर सड्यावर धुक्यात दहा पावलांपुढचं दिसणार नाही. फुलांच्या हंगामात कासची नोंदणी आधी ऑनलाइन करा आणि शनिवार-रविवार टाळा. दोन्ही टोकं एका दिवसात उरकायला जाऊ नका. घाटात वेळ मोडतो आणि माण अंधारात जातं. साताऱ्यात मुक्काम टाका, पूर्वेला दुसऱ्या दिवशी पहाटे निघा आणि वर्धनगडावर चढून दोन्ही अंगांना बघा. कोरेगावची हिरवाई आणि खटावचं माळरान तिथून एकदमच दिसतात.