काटा बरोबर आहे, पण किती बरोबर?

‘काटा बरोबर आहे का?’ या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. किती बरोबर आणि कशासाठी, हे विचारावं लागतं. उत्तर बहुतेक वेळा काट्याच्या पाटीवरच छापलेलं असतं: कमाल क्षमता, किमान वजन आणि ‘ई’, म्हणजे पडताळणीचा टप्पा (चुकीची मुभा या टप्प्याच्या पटीत मोजतात). व्यापारातला अचूकतेच्या वर्ग ३चा काटा घ्या, क्षमता ३० किलो आणि ‘ई’ १० ग्रॅम. त्याचं किमान वजन २० ई, म्हणजे २०० ग्रॅम. त्याखालचं काही त्यावर तोलूच नये, कारण ५ किलोपर्यंत या काट्याला ५ ग्रॅम इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. ५ किलोवर ५ ग्रॅम म्हणजे किरकोळ, पण ५० ग्रॅमवर तेच १० टक्के होतात. २० किलोपर्यंत मुभा १० ग्रॅम, त्यापुढे १५. शिवाय ही झाली नव्या काट्याची गोष्ट, वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. हे आकडे आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या आर ७६ या शिफारशीतले आहेत.

तपासणी करताना काटा समतल करायचा, शून्य घ्यायचं आणि एकदा पूर्ण भार ठेवून उचलायचा. मग २०० ग्रॅम, ५, २० आणि ३० किलो असं चढत जायचं आणि तसंच उतरायचं. प्रमाणवजनांची स्वतःची चूक काट्याच्या मुभेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाही. एम १ या अचूकतेच्या वर्गाचं १० किलोचं प्रमाणवजन फार तर अर्धा ग्रॅम चुकतं, त्यामुळे इथे अडचण नाही.

खरी गंमत पडद्यावरच्या आकड्यात आहे. पडदा १० ग्रॅमच्या टप्प्यांनी बदलतो, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंतची चूक तो गिळून टाकतो. ती बाहेर काढायची युक्ती अशी: १० किलो ठेवले, पडद्यावर १०.००० आलं. आता १ ग्रॅमची वजनं एकेक करून वाढवत जायचं. समजा दुसऱ्या ग्रॅमला आकडा १०.०१० झाला. आकडा टप्प्याच्या मध्यावर बदलतो, म्हणून दाखवलेल्या आकड्यात अर्धा ‘ई’ मिळवायचा आणि वाढवलेलं वजन वजा करायचं: १०.००० अधिक ०.००५ उणे ०.००२, म्हणजे १०.००३. काटा ३ ग्रॅम जास्त दाखवतोय, आणि पडदा बघून ते कधीच कळलं नसतं.

नंतर क्षमतेच्या एक तृतीयांश भार, इथे १० किलो, ताटाच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवायचा. एखादाच कोपरा चुकला तर बिघाड बहुधा यांत्रिक असतो. ताटाखाली खडा किंवा कचरा अडकला की तोही थोडा भार उचलतो आणि वजन वाढेल तसा काटा कमी दाखवू लागतो. अतिभारापासून वाचवणारा स्क्रू लोडसेलला, म्हणजे काट्यातल्या भार ओळखणाऱ्या भागाला, टेकला तरी लक्षण हेच. अशा वेळी कॅलिब्रेशनचं बटण दाबणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणं.

दोन ताटांच्या तराजूला कुठेही न्या, फरक पडत नाही, कारण तो वजनाशी वजन ताडतो (पासंग असेल तर तो तेवढा सोबत जातो). लोडसेल मात्र बल मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर ९.७८० मीटर प्रति वर्ग सेकंद, ध्रुवांवर ९.८३२. एका टोकाला जुळवलेला काटा दुसऱ्या टोकाला नेला तर १० किलोमागे सुमारे ५३ ग्रॅम चुकेल. हजार मीटर उंच गेलं तरी १० किलोमागे ३ ग्रॅम जातात. म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवायचा असतो.

मुभा म्हटली की तिचा फायदा घेणारेही आलेच. याच संघटनेच्या बंद पाकिटांसाठीच्या आर ८७ शिफारशीत याला आळा घालायची चांगली सोय आहे. १ किलोच्या पाकिटाला १५ ग्रॅम तूट चालते, पण तीन अटींवर: सरासरी १ किलोच्या खाली जाता कामा नये, ९८५ ग्रॅमपेक्षा हलकी पाकिटं अडीच टक्क्यांहून जास्त नकोत आणि ९७० च्या खाली एकही नको. पहिली अट काढली तर पाकिटं भरणारा आपलं यंत्र थेट ९८५ च्या जरा वर लावेल आणि प्रत्येक पाकिटामागे जवळपास १५ ग्रॅम कायदेशीरपणे वाचवेल. इंधनाच्या पंपांनाही हेच लागू आहे: चूक मुभेत बसली म्हणून मुद्दाम एका बाजूला लावून ठेवता येत नाही.

उपकरण निर्दोष असूनही माप जीवघेणं ठरू शकतं. १९९६ साली कोस्टा रिकातल्या सान होसे इथे किरणोपचाराच्या यंत्रात नवा कोबाल्ट ६० स्रोत बसवला. त्याची मात्रा मोजताना ०.३ मिनिटं म्हणजे ३० सेकंद असं धरलं गेलं. प्रत्यक्षात ते १८ सेकंद. मात्रेचा वेग कमी निघाला, म्हणून उपचाराचा वेळ वाढवला गेला, आणि ११५ रुग्णांना दीडपटीहून जास्त किरण मिळाले. कुणी दुसऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा मोजलं असतं तर पहिल्याच दिवशी उघड झालं असतं. किरणोपचारात स्वतंत्र फेरमोजणीचा आग्रह धरतात तो यासाठीच.

धोरणात घोळ होतो तो मर्यादेच्या रेषेवर. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तोही ‘तात्पुरता’, कारण तो ठरवताना पाणी कितपत शुद्ध करता येतं आणि किती नेमकं मोजता येतं हेही पाहावं लागलं. आता समजा प्रयोगशाळेची अनिश्चितता अधिक-उणे २ आहे आणि नमुन्यात १०.५ निघाले. लोकांना ते पाणी द्यायचं का, असा प्रश्न असेल तर ८ च्या वरचं काहीच पास करू नये. पुरवठादाराला दंड करायचा असेल तर १२ च्या आत हात घालू नये. एकाच आकड्याचे दोन निकाल, आणि दोन्ही रास्त. संशयाचा भार कुणी सोसायचा हे मोजणाऱ्याने ठरवायचं नसतं, नियमातच लिहायला हवं. बऱ्याच नियमांत ते नसतं, आणि मग वकील त्यावर जगतात.

मर्यादेसोबत पद्धतही लिहावी लागते. हवेतले पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक) कण मोजायची संदर्भ पद्धत म्हणजे गाळणी तोलणं. २४ घनमीटर हवा ओढली आणि कण घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम असले, तर गाळणीवर जेमतेम ०.३६ मिलिग्रॅम जमा होतात. कण ओलावा धरतात, म्हणून तोलण्याआधी गाळणी ठरावीक आर्द्रतेत ठेवतात. अमेरिकी पद्धतीत ३० ते ४० टक्के, युरोपीय पद्धतीत ४५ ते ५०. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे स्वस्त सेन्सर तर हवा बहुतेक वेळा वाळवतही नाहीत. दमट हवेत कण फुगतात आणि त्यांचा आकडा चढतो. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवायचे तर आधी विचारायचं, ते मोजले कशाने आणि गाळणी किती आर्द्रतेत तोलली.