टर्बो ३५० आणि माझी घरगुती हत्यारं

मागच्या हिवाळ्यात इथे मिशिगनमध्ये बाहेर बर्फ आणि आत गॅरेजमध्ये मी, असे जवळजवळ दोन महिने गेले. एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पूर्ण उघडला, साफ केला, परत बांधला. त्यात खरं काम किती आणि हत्यारं जमवण्यात किती वेळ गेला असं कोणी विचारलं तर निम्मं-निम्मं म्हणेन, म्हणून आज फक्त हत्यारांवरच लिहितोय.

गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ३५०. इकडे सगळे नुसतं टर्बो ३५० म्हणतात. १९६९ पासून पुढे कितीतरी शेवरले, ब्युइक, पॉन्टियाकमध्ये हाच असायचा. तीन गिअर, कॉम्प्युटर नाही, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) नाही, गाडीच्या वेगानुसार तेलाचा दाब बदलणारा गव्हर्नर, इंजिनवरच्या भारानुसार बदलणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर आणि बाकी सगळं तेलाच्या दाबावर. पहिल्यांदा ऑटोमॅटिक उघडणार असाल तर हाच घ्या, माझं ठाम मत आहे. मी भंगार यार्डातून आणला, साधारण पन्नास-पंचावन्न किलोचं धूड.

आमच्या आबांचं लेथचं वर्कशॉप कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात, त्यामुळे लहानपणापासून एक गोष्ट बघत आलोय की हत्यार नसलं म्हणून काम अडत नाही, हत्यार बनवायचं. पण या गिअरबॉक्सने मला त्यात एक भर घालायला लावली. जोर लावायचं, ओढायचं, दाबायचं, धरून ठेवायचं हत्यार खुशाल घरी बनवा. मापायचं हत्यार मात्र विकत घ्या, तिथे जुगाड करू नका. मी विकत काय घेतलं तर मॅग्नेटिक बेसवाला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पौंड-इंचात मोजणारा छोटा टॉर्क पाना (व्हॉल्व्ह बॉडीचे, म्हणजे तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे, बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात, मोठ्या पान्याने अंदाजे आवळले की आटे गेलेच म्हणून समजा), आणि एक चांगला मोठा सर्क्लिप प्लायर (सर्क्लिप म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी). सर्क्लिप प्लायर स्वस्तातला आधी घेतला होता, त्याची टोकं पहिल्याच दिवशी वाकली, तो पैसा वाया गेला. तेलाचा पंप बाहेर ओढायला दोन स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आपटून ओढायचं हत्यार) लागतात, पंपाला त्यासाठी दोन आट्यांची भोकंच दिलेली असतात, ते मी पार्ट्सच्या दुकानातून डिपॉझिट भरून उसने आणले. इथे ही सोय फार चांगली आहे, एकदाच लागणारं हत्यार विकत घेऊच नका.

स्टँड घरीच केला. जुन्या टेबलाच्या फळीला मोठं भोक पाडलं, गिअरबॉक्सची शेपटी त्यातून खाली आणि बेल हाउसिंग (इंजिनला जोडायचा रुंद भाग) वर तोंड करून, खाली तेलाला ट्रे. उभा ठेवला की एकेक ड्रम (क्लचच्या चकत्यांचा डबा) सरळ वर उचलता येतो आणि परत बसवताना वजनानेच खाली बसतो.

आता खरी अडचण. क्लचचे पिस्टन स्प्रिंगने दाबलेले असतात आणि त्या स्प्रिंगच्या वाटीवर सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय सर्क्लिप निघत नाही. डायरेक्ट ड्रम सोपा, मधून आरपार भोक आहे. लांब आट्याची रॉड, दोन जाड पट्ट्या, दोन नट, आणि मध्ये प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा ज्याला बाजूने खिडकी कापली, म्हणजे त्या खिडकीतून प्लायर आत जातो. फॉरवर्ड ड्रमला इनपुट शाफ्ट जोडलेलाच आहे, तिथे रॉड आरपार जात नाही, मग ड्रिल प्रेसच्या टेबलाच्या भोकात शाफ्ट खाली सोडला आणि ड्रिलच्या हँडलने वरून दाबलं, दुसऱ्या हाताने सर्क्लिप. लो-रिव्हर्स क्लचचा पिस्टन तर केसच्या पार तळाशी, हात कोपरापर्यंत आत जातो. तिथेही तीच रॉड कामाला आली, मागच्या बाजूने आउटपुट शाफ्टच्या भोकातून घातली, बाहेरून एक पट्टी, आतून एक पट्टी, आणि नट सावकाश आवळत गेलो. स्प्रिंग बसताना बघून जे समाधान वाटलं ते सांगता येत नाही.

पंपाचे दोन भाग जोडताना ते तंतोतंत एका रेषेत नसले तर पंप केसमध्ये जातच नाही. त्याला कंपनीचा खास पट्टा मिळतो, मी होज क्लिपा (पाइप आवळायच्या पट्ट्या) एकमेकींत अडकवून एक मोठी गोल केली, पंपाभोवती आवळली आणि मग बोल्ट. पंप आत बसवायला दोन लांब बोल्टची डोकी करवतीने उडवून गाइड पिना केल्या, गॅस्केट जराही सरकलं नाही.

एक चूक मात्र महागात पडली. पिस्टनच्या रबरी सीलची ओठ आत ढकलायला मी बारीक स्क्रू ड्रायव्हर वापरला, टोक घासून गुळगुळीत केलं होतं तरी. ड्रम पंपावर बसवून पंपाच्या भोकातून साधारण चाळीस पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा दिली. ठप्प असा भरीव आवाज यायला हवा, आला तो सूंऽऽ. परत सगळं उघडलं, भिंगाने बघितलं तर ओठाला नखाएवढीसुद्धा नाही अशी चीर. नवीन सील आणलं आणि या वेळी मुलीच्या गिटारची तुटलेली सगळ्यात बारीक तार घेतली, दुमडून तिचा फास केला आणि टोकं रिकाम्या बॉलपेनच्या पितळी नळीत घट्ट बसवली. सीलला तेल लावून तो फास ओठाखालून गोल गोल फिरवत नेला, ओठ आपोआप आत गेली. हवा दिली. ठप्प.

त्याच आठवड्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. मी व्हॉल्व्ह बॉडीचे चार स्टीलचे बॉल जागेवर चिकटवत होतो. आबा म्हणाले, "अरं व्हॅसलीन कशाला लावायलास, ग्रीस न्हाई व्हय तिथं?" म्हटलं, "आबा, ग्रीस नको, ते या तेलात विरघळत नाही, बारीक वाटेत जाऊन अडकतं. व्हॅसलीन गरम झालं की तेलात मिसळून जातं." आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं." चाळीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, बरं वाटलं.

शेवटचं मापही सांगून ठेवतो कारण इथे भले भले फसतात. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाने भरलेला गोल डबा) बसवताना तो तीन टप्प्यांत आत जातो, इनपुट शाफ्ट, स्टेटर आणि पंप, आणि पंपाच्या खाचेत बसला नाही तरी वरून बसल्यासारखाच दिसतो. तसाच इंजिनला आवळला की पंप फुटतो. बेल हाउसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनच्या टोकाची चकती) १/८ ते ३/१६ इंच फट राहिली पाहिजे. मी तीनदा मोजली.

गाडी चालू झाल्यावर आबांना सगळ्या घरगुती हत्यारांचा फोटो पाठवला. कौतुक येईल वाटलं होतं. आबांनी फोटो मोठा करून बघितला असणार, कारण अर्ध्या तासाने मेसेज आला, "त्या दाबायच्या पट्टीच्या कडा मारल्या न्हाईस. बर पडंल ड्रममधी." खरंच होतं, करवतीने कापल्यावर कडांना बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कुसं, तशीच होती. कानस घेऊन गॅरेजमध्ये गेलो.